नऊ प्रश्नांचा कागद

सोमवार, ९ सप्टेंबर

विमा कंपनीनं मला पॅनेलवर घेतलं. तीन महिने लागले. बावीस पानांचा अर्ज, तीनदा पाठवलेला तोच तो परवाना, आणि माझ्यावर कोणता गुन्हा दाखल आहे का, या प्रश्नाला दोन वेगवेगळ्या पानांवर ‘नाही’. पहिल्या पानावर नसलेला गुन्हा चौदाव्या पानापर्यंत होऊ शकतो, असं त्यांना वाटत असावं. आता त्यांचे विमेदार माझ्याकडे उपचाराला येऊ शकतात, फक्त प्रत्येकासाठी आधी मंजुरी मागायची.

बर्नीला फोन केला. ती म्हणाली, “अभिनंदन, जनीन. तुला सासू मिळाली. स्वयंपाक तू करायचा, आणि मीठ किती घातलं ते तिला लेखी कळवायचं.” यापुढं या वहीत कंपनीला सासूबाईच म्हणणार.

बर्नी ओस्टरहाऊस टोलेडोत तीस वर्षं स्वतंत्र समुपदेशन करते आहे, मी तीन महिने. त्याआधी एकवीस वर्षं काउंटीच्या सरकारी दवाखान्यात होते. फेब्रुवारीत हॅल गेला, आणि तिथं सगळे माझ्याशी मान तिरकी करून बोलायला लागले. बाईचा नवरा गेला की तिच्या सहकाऱ्यांच्या मानेला काय होतं, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. सगळेच समुपदेशक, त्यामुळे सगळ्यांचा आवाजही एकच, कापसात गुंडाळलेला. जूनमध्ये राजीनामा दिला आणि गालिच्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. इथं कुणी मान तिरकी करत नाही. बराचसा वेळ इथं कुणी नसतंच.

गुरुवार, १२ सप्टेंबर

सासूबाईंनी पाठवलेला पहिला पेशंट. लॉनी ट्रेडवे, वय एकसष्ट, शहराच्या बसडेपोत मेकॅनिक. आठ बैठका मंजूर.

मे महिन्यात बस उचलून धरणाऱ्या शेजारच्या लिफ्टवरून एक बस घसरली आणि तिच्याखाली काम करणारा त्याचा सोबती डेल सापडला. लॉनीनंच त्याला ओढून बाहेर काढलं. डेल वाचला नाही. तेव्हापासून लॉनीला बसखाली जाता येत नाही. डेपोत जमिनीवर पिवळी रेघ आहे, तिच्यापलीकडं लिफ्ट. रेघेपाशी आला की त्याचे पाय थांबतात. तो म्हणतो, पायांना मी काही बोलत नाही, ते माझ्यापेक्षा जुने कामगार आहेत. सध्या त्याला सुट्या भागांच्या खिडकीवर बसवलंय. एक डिसेंबरपर्यंत बसखाली गेला तर नोकरी राहील, नाहीतर घरी. पेन्शनला साडेतीन वर्षं उरली आहेत.

“मॅडम, मी वेडा नाही,” तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. “मला स्वयंपाक येतो, कुत्र्याला फिरवतो, मंगळवारी आणि शुक्रवारी कपडे धुतो. फक्त बसखाली जाता येत नाही.”

मी म्हटलं, तेवढ्यासाठीच बसू या. त्यानं घरी मुरवलेल्या मिरच्यांची बरणी टेबलावर ठेवली. भेटवस्तू घेऊ नये असा आमचा नियम आहे. मिरच्या चांगल्या आहेत.

सोमवार, २३ सप्टेंबर

नोंद करण्यासारखं काही नाही. सकाळी कॉर्नफ्लेक्स, संध्याकाळी कॉर्नफ्लेक्स, दोन्ही वेळा सिंकपाशी उभ्यानं. वाटी तिथल्या तिथं विसळता येते, हा मोठा फायदा. टेबलावर बसणाऱ्या लोकांना वेळ वाया घालवण्याची हौस असते.

हॅलच्या नावानं अजून पत्रं येतात. मासेमारीच्या सामानाचा कॅटलॉग, मोतीबिंदूचा दवाखाना, बँक. मरणाची बातमी पोस्टखात्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. माझीही येतात. सगळी कपड्यांच्या टोपलीत टाकते. टोपली तशीही रिकामी असते, कपडे जमिनीवर असतात.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

सासूबाईंचा नवा हुकूम. प्रत्येक पेशंटनं दर महिन्याला नऊ प्रश्नांचा कागद भरायचा. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कशात मन लागतं का, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. पंधराच्या वर गेलं की काळजी करावी, असं मागं छापलंय.

पेशंटांचा किती वेळ खाईल ते बघावं म्हणून आधी मीच भरला. पावणेदोन मिनिटं. एकोणीस आले. कागद सोपा आहे, पण गुण देताना हात जरा सैल आहे त्यांचा. कचऱ्यात टाकला.

लॉनीला चार आले. मोठ्या भावाचा वशिला न लावता पास झालेल्या पोरासारखा तो माझ्याकडं बघत होता.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

लॉनीची सहावी बैठक. गेले दोन आठवडे आम्ही खोलीत चिकटपट्टीची पिवळी रेघ मारून सराव करतो आहोत. काल डेपोत त्यानं उजवा पाय रेघेपलीकडं ठेवला. अकरा सेकंद. मोजायला कुणी नव्हतं, त्यानंच मोजले.

“डेल असता तर म्हणाला असता, लॉनी, एका पायावर किती दिवस बस दुरुस्त करणार तू,” तो म्हणाला. मग पहिल्यांदाच रडला. रडणं आटोपल्यावर टिशूचा खोका परत जागेवर, टेबलाच्या कडेला समांतर ठेवला. मी त्याच्याकडं बघत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. एवढ्या वर्षांनी माणूस मुरतो. याला अनुभव म्हणतात.

पुढच्या बारा बैठकांसाठी अर्ज पाठवला.

सोमवार, २१ ऑक्टोबर

नामंजूर.

कारण माझ्याच नोंदींतून काढलंय. पेशंट वेळेवर येतो. विनोद करतो. नीटनेटका आहे. घर, स्वयंपाक, कुत्रा उत्तम सांभाळतो. हितगुज करण्याची तयारी वाढते आहे. प्रश्नावलीत चार गुण. सबब पेशंट सक्षम असून पुढील उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाहीत.

प्रत्येक शब्द माझा. कॉलेजात आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकायला लावलं होतं, माणसाच्या उणिवा लिहू नका, त्याचं बळ लिहा. एकवीस वर्षं मी बळ लिहिलं. काउंटीच्या दवाखान्यात ते कुणी वाचत नव्हतं, हे आता कळतंय.

बर्नीकडं गेले. तिनं माझ्या नोंदी चष्मा कपाळावर ढकलून वाचल्या. “अगं, हे काय आहे? नोकरीची शिफारस? तुझ्या लॉनीशी मीच लग्न करते.” मग शिकवणी घेतली. सासूबाईंना सून गुणी आहे असं कळलं की त्या म्हणतात, मग हिला मोलकरीण कशाला. काय जमत नाही ते लिहायचं. झोप, जेवण, अंघोळ, पत्रव्यवहार, कपडे. आठवड्यातून किती वेळा, किती दिवसांपासून. भावना लिहायच्या नाहीत, भावना त्यांच्या यादीत नाहीत. आणि भांडायचं तर मुळीच नाही. अपील केलं की एक डॉक्टर फोनवर येतो, त्याच्याकडं दहा मिनिटं असतात, आणि तोही कुणाचातरी नोकरच असतो.

“खोटं लिहू?” मी विचारलं.

“खोटं कशाला? प्रत्येक माणसात न जमणारं भरपूर असतं. तू विचारतच नाहीस.”

निघताना तिनं विचारलं, जेवलीस का. म्हटलं, हो. ती माझ्या स्वेटरकडं बघत होती. हॅलचा राखाडी आहे, उबदार आहे. तिला आवडला असावा.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

लॉनीला सांगितलं. मंजूर झालेल्यांपैकी एकच बैठक उरलीय. त्यानं टोपी हातात फिरवली.

“म्हणजे मी बरा आहे म्हणून मला हाकललं?”

“साधारण तसंच.”

“डेपोत उलटं आहे,” तो म्हणाला. “तिथं मी बरा नाही म्हणून हाकलणार आहेत. दोघांनी एकमेकांना फोन केला तर बरं होईल.”

अपील पाठवलं. बुधवारी अकरा चाळीसला फोन येणार.

बुधवार, ३० ऑक्टोबर

आजचा दिवस वहीत सविस्तर उतरवावा असा आहे.

फोन अकरा चाळीसला नाही, बारा दहाला आला. डॉक्टर प्रुइट. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, मागं कुठंतरी किटली शिट्टी वाजवत होती. मी लॉनीचे कागद समोर मांडून बसले होते, पण एकदाही खाली बघावं लागलं नाही. बर्नीची शिकवणी इतकी अंगी मुरली असेल असं वाटलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, जेवण? म्हटलं, दोन्ही वेळ कॉर्नफ्लेक्स, तेही उभ्यानं. झोप? म्हटलं, पलंगावर नाही, दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत, तीन-चार तास. किती दिवसांपासून? म्हटलं, फेब्रुवारीपासून. कपडे जमिनीवर. एकच स्वेटर, कित्येक आठवडे. आलेली पत्रं न उघडता कपड्यांच्या टोपलीत जातात. समोर कुणी रडलं तरी आत काही हलत नाही.

“रडत नाहीत का ते स्वतः?”

“नाही. विनोद करतात.”

पलीकडं थोडा वेळ लिहिण्याचा आवाज येत होता. “हे सगळं पहिल्या अर्जात का नव्हतं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्यात बळ लिहायची पद्धत आहे. ते म्हणाले, बाई, त्या पद्धतीनं माझ्या टेबलावरची निम्मी माणसं घरी गेली आहेत. मग म्हणाले, बारा मंजूर.

बर्नीला कळवलं. ती म्हणाली, बघ, जमलं की नाही. खरंच जमलं. इतकं सरळ, न अडखळता मी कित्येक महिन्यांत कुणाशी बोलले नव्हते. सासूबाईंशी वागायची किल्ली सापडली म्हणायची.

संध्याकाळी दोन वाट्या कॉर्नफ्लेक्स. साजरं करायला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

मंजुरीच्या पत्राची एक प्रत पेशंटलाही जाते, हे बर्नी सांगायला विसरली.

लॉनीनं घडी घातलेला कागद खिशातून काढला, गुडघ्यावर सरळ केला आणि वाचून दाखवायला लागला. त्याला वाचताना बोट ठेवायची सवय आहे. बोट एकेका ओळीवर थांबत होतं. जेवण उभ्यानं. झोप खुर्चीत. पत्रं टोपलीत.

“मॅडम, मी रागावलेलो नाही,” तो म्हणाला. “पण मी पत्रं आली त्याच दिवशी उघडतो. मला कॉर्नफ्लेक्स आवडत नाहीत. आणि डेल गेला मे महिन्यात. इथं फेब्रुवारी लिहिलंय.” त्यानं कागद माझ्याकडं सरकवला. “हा माणूस कोण आहे?”

मी म्हटलं, चूक झाली असावी, दुसऱ्या कुणाचे तरी कागद मिसळले असतील, शोधते. तो हो म्हणाला. मग म्हणाला, “जो कोणी असेल, त्याच्या बारा बैठका मला नकोत. त्याला लागतील त्या.”

तो गेल्यावर अकराच्या अकरा पेशंटांचे कागद काढले. एक-एक पान बघितलं. फेब्रुवारी कुणाचाच नाही. टोपली कुणाकडंच नाही.

साडेपाचला घरी आले. लॉनीनं दिलेलं ते पत्र हातातच होतं. नेहमीप्रमाणे टोपलीत टाकायला वाकले.

मग तिथं जमिनीवर बसले. कपड्यांवर. किती वेळ ते माहीत नाही. काही वाटलं असं नाही. फक्त उठायचं कारण सापडेना.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

डॉक्टर प्रुइटना फोन केला. पंचावन्न मिनिटं ताटकळत ठेवलं. मध्ये मध्ये एक बाई सांगत होती की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. चौथ्या वेळी मी तिला धन्यवाद म्हटलं.

फोन ठेवून द्यायचा विचार आला होता. लिहून ठेवते, कारण आला होता. माझा परवाना जाऊ शकतो. लॉनीच्या बारा बैठका जाऊ शकतात, आणि त्याबरोबर एक डिसेंबर. ठेवला नाही. त्यात शौर्य काही नाही. गुरुवारी तो परत येणार, आणि कागदावर बोट ठेवणार.

सांगितलं, मी दिलेली माहिती ट्रेडवे यांची नव्हती. एकही ओळ नव्हती.

त्यांनी विचारलं, “मग ट्रेडवे यांना काय जमत नाही?”

“ते बस-मेकॅनिक आहेत. त्यांना बसखाली जाता येत नाही. एक डिसेंबरला नोकरी जाईल.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“बाई,” ते म्हणाले, “पहिल्या अर्जात हे एक वाक्य असतं, तर मी तुम्हाला फोनसुद्धा केला नसता.”

मी नंतर पाहिलं. खरंच नव्हतं. त्याची बरणी होती, कुत्रा होता, हितगुज होतं. बस एकदाच, तीही ‘कामाच्या ठिकाणचा ताण’ अशा वेषात. मला ती इतकी उघड वाटली होती की लिहायचीच राहिली.

आठ मंजूर केल्या, दुरुस्ती म्हणून. असं होतं अधूनमधून, असं ते म्हणाले. थेरपिस्ट दुसऱ्याच कुणाचं तरी सांगतात. फक्त परत फोन करून कुणी कबूल करत नाही.

मला वाटलं आता ठेवतील. किटली आजही वाजत होती.

“आणि ती टोपली?” त्यांनी विचारलं. “ते माणूस तुमचं पेशंट आहे का?”

“नाही.”

“कुणाचं आहे?”

“कुणाचंच नाही.”

“मग मला मंजूर करण्यासारखं काही नाही,” ते म्हणाले. “त्यांनी आधी अर्ज करायला हवा.”

गुरुवार, १४ नोव्हेंबर

लॉनीला सांगितलं की कागद दुरुस्त झाला, आठ मिळाल्या. त्यानं ते दुसरं माणूस सापडलं का विचारलं. सापडलं म्हटलं. तो माझ्या बाहीकडं बघत होता, कोपरापाशी उसवलेल्या. जाताना मिरच्यांची बरणी ठेवली आणि म्हणाला, या उभ्यानं खायच्या नाहीत, ठसका लागतो.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

सकाळी डेपोत गेले. खोलीबाहेरच्या बैठकीला सासूबाई मान्यता देत नाहीत, त्यामुळे मी गेले नाही असं समजावं.

डेपोतला फोरमन लांब उभा राहिला, हात खिशात. लिफ्टवर बावीस नंबरची बस. लॉनी रेघेपाशी पोचला आणि थांबला. मी त्याच्या शेजारी. मोठ्या दारातून थंडी येत होती. त्यानं उजवा पाय टाकला. मग बराच वेळ गेला. मग डावा. मग चाकांच्या फळीवर आडवा झाला आणि पायानं जमीन ढकलत आत गेला. फक्त बूट दिसत होते. मी बुटांकडं बघत राहिले.

“मॅडम,” खालून आवाज आला. “इथं एक नट ढिला आहे. सहा महिने हे लोक काय करत होते?”

फोरमननं माझ्याकडं पाठ फिरवली आणि नाक शिंकरलं. बुटांची टोकं हलत होती. माझ्या घशाशी काहीतरी आलं. ठसका असेल. मिरच्या खाल्ल्या नव्हत्या.

शनिवार, ३० नोव्हेंबर

परवाच्या सणाला बर्नीनं जेवायला बोलावलं होतं. टर्की कोरडी, नेहमीसारखी. बसून खाल्ली. तिला सांगितलं, कुणातरी चांगल्या बाईचं नाव दे. कुणासाठी, असं तिनं विचारलं नाही. ताटाखालून कागद काढून दिला. नाव आणि फोन आधीच लिहिलेला होता, घड्यांवरून जुना दिसत होता. कधीपासून ठेवलायस म्हटलं. ती म्हणाली, जूनपासून. आणि तिची मान सरळ होती.

आज टोपलीतली पत्रं जमिनीवर ओतली. माझी एका बाजूला, हॅलची दुसऱ्या. त्याची जास्त निघाली. सहा उघडली. सातव्या पाकिटात मासेमारीचा त्याचा यंदाचा परवाना होता, त्यानं जानेवारीत पैसे भरलेले. बाकीची पुन्हा टोपलीत ठेवली. तेवढी पुरेत.

मंगळवार, ३ डिसेंबर

रोझलिंड फाय यांचा दवाखाना. वाट बघायच्या खोलीत मासे नसलेली माशांची काचपेटी. खिडकीतल्या मुलीनं विम्याचं कार्ड मागितलं. हॅलच्या पेन्शनमधला विमा आहे, तो मलाही लागू आहे. तिनं संगणकात बघून कंपनीचं नाव सांगितलं. सासूबाईच. आठ बैठका मंजूर, असं ती म्हणाली. नेहमीचंच आहे.

मग तिनं कागद अडकवलेली पाटी दिली, दोरीला बांधलेलं पेन दिलं, आणि म्हणाली, एवढे नऊ प्रश्न भरा, सोपे आहेत, दोन मिनिटांचं काम.

अकरा मिनिटं लागली.